बोलणारा डबा

बसमध्ये तो धोक्याचा इशारा देणारा डबा बसवल्यापासून माझं डोकं फिरलं होतं. पुढच्या गाडीनं ब्रेक मारला की हा बोंबलणार, बाजूची जरा जवळ आली की बोंबलणार. बावीस वर्षं बस चालवणाऱ्याला हा शिकवणार! महिनाभर सोसलं, मग एका सकाळी डॅशबोर्डखाली हात घालून त्याचा फ्यूज काढला आणि खिशात टाकला.

डबा नुसती दुसऱ्या गाड्यांची खबर ऐकत नाही, आपल्या ब्रेकची खबर मागच्या गाड्यांनाही देतो, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं. तेव्हा मी मागच्या बाकावर डुलक्या काढत होतो.

त्याच आठवड्यात धुक्यात एक ट्रक आडवा आला. मी करकचून ब्रेक मारला. मागे दाजींची बस होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमच्याच आगारातले. त्यांचा डबा गप्प राहिला आणि ते येऊन माझ्यावर आदळले. त्यांचा हात मोडला. माझी नुसती मान लचकली. आणि मी, लाज वाटते सांगायला, आधी फ्यूज जागेवर बसवला आणि मग खाली उतरलो.

दोन दिवस ताई दाजींचं करून माझ्याही मानेला शेक देत होती.

तिसऱ्या दिवशी आगारप्रमुखांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"दोन्ही डबे चालू आहेत. मग इशारा आला नाही कसा? डोळा लागला होता ना?"

"नाही साहेब. डबा वाजलाच नाही," दाजी म्हणाले.

त्यांना ड्रायव्हिंगवरून काढायचा कागद टेबलावर तयार होता.

"माझं काय करायचं ते करा," दाजी म्हणाले, "पण याला बोल लावू नका. मी मोडका हात धरून याच्या बसच्या दारापाशी गेलो, तर हा डॅशबोर्डखाली वाकून मलमपट्टीची पेटी शोधत होता. माझ्यासाठी. घाबरून भलत्याच जागी शोधत होता बिचारा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पेटी सीटमागे असते, साहेब," मी म्हणालो. "बावीस वर्षं तिथंच आहे. मी फ्यूज बसवत होतो. मीच काढला होता."

साहेबांनी तो कागद हळूच उलटा ठेवला. दाजींनी प्लास्टरमधल्या हाताकडे बघितलं.

"तुझ्या ताईला तूच सांग," ते म्हणाले.