मेजरांच्या घरची पाहणी

दार मेजरांनी स्वतः उघडलं आणि समन्वयक बाई उंबऱ्यातच गोंधळल्या.

दोन महिने फोनवर जे ऐकलं होतं त्यावरून या माणसाला पलंगावरून उठायलासुद्धा दुसऱ्याचा हात लागायला हवा होता. समोर उभा होता तो कडक इस्त्रीच्या शर्टातला, चकचकीत बुटांतला, ताठ मानेचा गृहस्थ. एक हात दारावर आणि दुसरा खुर्चीच्या पाठीवर.

"वेळेवर आलात," मेजर म्हणाले. "सरकारी माणसांत हे विशेषच."

मेजर ते कधीच नव्हते. सैन्यातून ते तुकडीप्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. पुढची बढती गल्लीने परस्पर देऊन टाकली होती. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. तेव्हापासून त्यांचं सगळं त्यांची बायको, म्हणजे काकू, करत होत्या. आता काकूंच्याच कमरेने दगा दिला होता. सरकारकडून घरी मदतनीस मिळाला तर ठीक, नाहीतर मेजरांना लांबच्या सैनिक निवासात ठेवायचं, असं परगावी राहणाऱ्या मुलाने ठरवलं होतं. हे सांगताना काकू फोनवर हुंदके देऊन रडल्या होत्या.

माजी सैनिकांच्या कुटुंबांना दहा खात्यांचे उंबरठे झिजवावे लागू नयेत, यासाठीच बाईंची नेमणूक होती. आरोग्य खातं म्हणे, आधी घर बघा. घरांचं खातं म्हणे, आधी माणूस बघा. दोघांच्या मागे लागून बाईंनी डॉक्टर आणि इंजिनिअर एकाच सकाळी एकाच गाडीत बसवून आणले होते. असं त्यांच्या कार्यालयात पूर्वी घडलं नव्हतं. काकूंची तारांबळ उडू नये म्हणून आठवडाभर आधी फोन करून कळवलंही होतं.

डॉक्टरांनी तपासणी सुरू केली. उठा म्हटलं, मेजर उठले. खिडकीपर्यंत चाला म्हटलं, तर एकेका खुर्चीला हात लावत सावकाश पण ऐटीत जाऊन आले. पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलला, थेंबही सांडला नाही.

"काही त्रास?"

"सगळं ठीक. तक्रार नाही."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं. "बाई, यांना मदतनीस कशाला? हेच आमच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून शोभतील."

बाई कसनुसं हसल्या. आपण चुकीच्या घरी तर आलो नाही ना, अशी शंकाही त्यांना येऊन गेली. पण दारावरची पाटी बरोबर होती, आणि आत चहाचं आधण ठेवणाऱ्या काकूंचा आवाजही फोनवरचाच होता.

तेवढ्यात न्हाणीघराची मापं घेऊन इंजिनिअर बाहेर आला. "आत सगळं कोरडं ठणठणीत आहे. आधाराला धरायच्या दांड्या बसवायच्या तरी कुठे आणि कशाला? आणि गॅलरीत चादरीखाली ते भंगार कसलं?"

"शेजाऱ्यांचं आहे," काकू आतूनच म्हणाल्या. जरा घाईनेच.

बाईंनी गॅलरीत जाऊन चादर उचलली. खाली चालायला आधार देणारी चौपायी, अंघोळीची प्लास्टिकची खुर्ची आणि पलंगावर घालायचा रबरी कपडा होता. चौपायीवर त्यांच्याच कार्यालयाचा शिक्का होता. त्यांनीच ती पाठवली होती.

आता मात्र त्यांचं डोकं चालेना. फोनवरच्या काकू खोट्या की आजच्या? त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या.

"काकू, फोनवर तुम्ही रडत होतात ना?"

"होते की."

"मग हे काय चाललंय?"

"आज पाहणी आहे ना!" काकूंनी अशा सुरात सांगितलं, की जणू प्रश्नच बावळट होता. "अहो, आमचा सगळा संसार सैनिकी वसाहतीत झाला. साहेब बघायला येणार म्हटलं की मोडकं ते आधी लपवायचं. गळकी बादलीसुद्धा पलंगाखाली जायची. तुम्ही आठवडाभर आधी कळवलंत म्हणून तर नीट जमलं. पहाटे उठून यांना अंघोळ घातली, बटणं लावली, बूट चढवले, हाताच्या अंतरावर खुर्च्या मांडल्या. चार माणसांसमोर काय मोडकं दाखवायचं?"

"काकू, आज मोडकंच दाखवायचं होतं!"

"मग तसं आधी सांगायचं नाही का?"

काकू खाली पडलेलं झाकण उचलायला वाकल्या आणि तशाच अडकल्या. ओट्याला धरून, ओठ आवळून, हळूहळू सरळ झाल्या. "काही नाही," म्हणाल्या. "होतं असं."

बाईंनी बाहेर येऊन डॉक्टरांना सगळं समजावलं. डॉक्टर चांगले होते, पण नियमाचे पक्के. "मी डोळ्यांनी बघतो तेवढंच लिहितो. ऐकीव लिहिलं तर उद्या माझ्यावरच चौकशी. आणि माझी पुढची फेरी सहा महिन्यांनी." तोवर मुलगा मेजरांना न्यायला गाडी घेऊन येणार, हे बाईंना ठाऊक होतं.

त्या मेजरांसमोर बसल्या. "काका, खरं सांगा. तुम्हाला एकट्याने जमतं का?"

"सगळं ठीक. तक्रार नाही."

"रात्री उठताना?"

"सगळं ठीक."

भिंतीशी बोलल्यासारखं झालं. काय विचारावं ते बाईंना कळेना. शेवटी सुचेल ते विचारलं. "तुमच्या तुकडीत पहाऱ्यावरच्या माणसाला किती वेळ उभं ठेवायचात?"

मेजरांचा चेहरा पहिल्यांदाच हलला. "त्याला ठरलेली वेळ असते. मग बदलीचा माणूस जातो."

"आणि बदली आलीच नाही तर?"

"तर तो उभाच राहतो. जागा सोडून जाणारा माणूस नसतो तो." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. दारातून काकू दिसत होत्या. एक हात कमरेवर, दुसरा ओट्यावर, चहा गाळायचा तसाच राहिलेला. "बदली पाठवणं प्रमुखाचं काम असतं," मेजर हळू आवाजात म्हणाले.

"डॉक्टरसाहेब," मेजर एकदम मोठ्याने म्हणाले. "परत एकदा बघा." आणि मग आत, "अगं, या खुर्च्या बाजूला घे."

"कशाला? नीट लावल्यात मी!"

"घे म्हणतो ना."

काकूंनी काहीच हलवलं नाही. शेवटी इंजिनिअरने खुर्च्या भिंतीला लावल्या. मेजर उठले. मोकळ्या फरशीवर दोन पावलं टाकली, तिसऱ्याला गुडघा वाकला आणि डॉक्टर आणि इंजिनिअरने त्यांना वरच्यावर धरलं. त्यांना बसवून डॉक्टरांनी शर्टाचं एक बटण सोडायला सांगितलं. उजवा हात बटणापर्यंत पोचला आणि तिथेच थरथरत राहिला.

डॉक्टर बाईंच्या कानाशी आले. "मघाशी नाटक होतं की आत्ता?"

बाईंनी मेजरांकडे पाहिलं. चेहरा मघासारखाच कोरा. पहिल्यांदा ताकद होती त्याहून जास्त दाखवली, मग आता कमी दाखवली नसेल कशावरून? आणि काकूंसाठी थोडी कमी दाखवली असेल, तर त्याला खोटं म्हणायचं का?

"मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या.

"मलाही नाही. पण मी पाहिलंय," डॉक्टर म्हणाले आणि लिहायला बसले.

पुढच्या आठवड्यापासून रोज सकाळी मदतनीस येईल, असं बाईंनी सांगितलं. काकूंना आनंद होईल असं त्यांना वाटलं होतं. काकू मात्र नवऱ्यावर उखडल्या.

"चार माणसांत पडलात! शोभलं का तुम्हाला?" मग बाईंकडे वळल्या. "आणि रोज सकाळी म्हणजे? मग सकाळी मी काय करायचं?"

या प्रश्नाचं उत्तर देणारं खातं बाईंना माहीत नव्हतं.

"झोपायचं," मेजर म्हणाले.

"झोपायचं म्हणे! आणि त्या माणसाला तुम्हाला नीट उभं करता आलं नाही तर?"

"तर बसून राहीन."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि त्यावर रागवायचं की काय करायचं, ते त्यांना कळत नव्हतं.