सातची गोळी

मार्नीला दुसरी गोळी कायमची सुरू करायची की नाही, हे तिच्या आईबापांना आठवड्याभरात ठरवायचं होतं. आईचं, टीगनचं, काहीच ठरलं नव्हतं, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. गेले कित्येक महिने तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. शाळेचा फोन आला की ती "हो, येते" म्हणायची, गाडी काढायची, पोरीला घेऊन यायची. परतताना सिग्नलचा हिरवा दिवा लागला तरी मागचा हॉर्न मारेपर्यंत तशीच बसून राहायची.

मार्नी नऊ वर्षांची. कार्टी हुशार, पण बुड टेकेल तर शपथ. एडीएचडीचं, म्हणजे अतिचंचलतेचं, निदान सहाव्या वर्षीच झालं होतं आणि तेव्हापासून रोज सकाळी एक कॅप्सूल पोटात जात होती. तिच्यावर दुपारपर्यंत निभायचं. त्यानंतर भिंतीवर चढणं, मधेच ओरडणं, रात्री डोळे टक्क. मागच्या महिन्यात तिने वर्गात खुर्ची ढकलली आणि ती शेजारच्या मुलाच्या पायावर पडली. तेव्हापासून शाळेने तिला अर्धाच दिवस पाठवायला सांगितलं. पुन्हा असं झालं तर तेवढंही नाही, असं मुख्याध्यापिकाबाई फार गोड आवाजात म्हणाल्या. गोड आवाजात सांगितलेलं टीगनला जास्त टोचायचं, निदान पूर्वी तरी.

डॉक्टर हॅलोरन सिडनीला असायच्या आणि संगणकाच्या पडद्यावर भेटायच्या. त्या म्हणाल्या, "सकाळची कॅप्सूल वाढवली तेव्हा तिची भूक मेली आणि ती सारखी रडत होती. म्हणून ती आहे तेवढीच ठेवू. जोडीला संध्याकाळी सात वाजता ही अर्धी गोळी. मुळात रक्तदाबाची आहे, पण मुलांना शांत करायला आणि झोपेला बरीच वर्षं वापरतात. दोन्ही मिळून कितीतरी मुलांना गुण येतो. आठवडाभर देऊन बघा, मग बोलू. फक्त तुमच्या मनाने वाढवू नका आणि मनाने एकदम बंदही करू नका."

पडदा बंद झाल्यावर मार्नीचा बाप, डेल, खुर्ची मागे सारत म्हणाला, "रक्तदाबाची गोळी! माझ्या आईला देतात ती. उद्या आईची काठी आणि कवळीपण आणू का पोरीला?"

"मग तू सांग काय करायचं."

"मला काय विचारतेस? मी बस चालवतो."

"आणि मी रात्रभर सुपरमार्केटात डबे मांडते, डेल. मी कुठे डॉक्टर आहे?"

वादालासुद्धा अंगात थोडी धुगधुगी लागते, ती दोघांकडेही उरली नव्हती. शेवटी डेलच म्हणाला, "बरं. आठवडाभर देऊ. द्यायची कुणी?"

"सातला जो घरात असेल त्याने."

"ठरलं."

ठरलं म्हणजे ठरलं. या घरात सगळं असंच ठरायचं, कमीत कमी शब्दांत. ट्वीड हेड्समधल्या त्यांच्या घरापासून शेजारच्या क्वीन्सलंड राज्याची हद्द चालत जाण्याइतकी जवळ होती आणि डेलची बस हद्दीपलीकडे धावायची. टीगन संध्याकाळी साडेसातला कामावर निघायची, तेव्हा डेल परतत असायचा. दोन गाड्या दारात समोरासमोर यायच्या, काचा खाली व्हायच्या. "जेवण ओव्हनमध्ये आहे." "बरं." "तिने दप्तर बाथटबमध्ये ठेवलंय, विचारू नकोस का ते." "बरं." की चालली टीगन. नवराबायकोचा संसार असा गाडीच्या खिडकीतून चालला होता.

गोळी सोमवारी सुरू झाली आणि बुधवारपर्यंत घराला घरपण आलं.

मार्नी खुर्चीवर बसली. बसून जेवली. शाळेतून फोन आला तेव्हा टीगनने किल्ल्या हातात घेऊनच तो उचलला, तर वर्गशिक्षिका म्हणाली, "नाही नाही, काही झालेलं नाही. आज तिने अख्खा तास चित्र रंगवलं, तेवढं सांगायला केला." डेलची आई नोलीन बघायला आली आणि नातीकडे पाहून म्हणाली, "गंगेत घोडं न्हालं म्हणायचं एकदाचं" अशा अर्थाचं काहीतरी तिच्या भाषेत. वर हेही म्हणाली की, "मी तर तीन वर्षांपूर्वीच सांगत होते, दोन गोळ्या द्या. पण म्हातारीचं ऐकतो कोण?" तीन वर्षांपूर्वी ती काय सांगत होती हे डेलला चांगलं आठवत होतं. ती म्हणत होती, दोन फटके द्या.

मार्नीचे हात गार लागायचे. उठून उभी राहिली की ती क्षणभर टेबलाला धरायची. गुरुवारी दुपारी सोफ्यावर बसल्याबसल्या तिचा डोळा लागला, उघड्या तोंडाने. टीगनने हे सगळं पाहिलं. अंगवळणी पडेपर्यंत होईल थोडं, असं स्वतःला सांगितलं आणि पुढचा विचार केला नाही. त्या दुपारी ती पोरीशेजारी बसली. मार्नी चार वर्षांची असल्यापासून ती अशी बसली नव्हती, कारण शेजारी बसायला पोरगी एका जागी असावी लागते. तिने मार्नीचे केस मोकळे केले आणि त्यांची वेणी घातली. मार्नीने मान हलवली नाही. वेणी घालताना टीगनला छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं आणि आपल्याला हल्ली काही वाटत नाही हे तिला तेव्हा कुठे जाणवलं. मग शुक्रवारीही ती बसली, आणि शनिवारीही.

शनिवारी गाडीच्या खिडकीतून ती डेलला म्हणाली, "मी हो म्हणणार आहे सोमवारी. डॉक्टरला."

डेलने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "मी पण. माझी चूकच होती."

रविवार टीगनच्या सुट्टीचा. त्या संध्याकाळी ती सातला मार्नीला गोळी देऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली. डेल मागच्या अंगणात गवत कापत होता. बऱ्याच वेळाने तो हातपाय धुऊन आत आला, स्वयंपाकघरात गेला आणि पाण्याचा पेला अन् अर्धी गोळी घेऊन बाहेर आला.

"हे काय?" टीगन म्हणाली.

"सातची गोळी."

"ती मी दिली की."

"कधी?"

"सातला."

"अगं, सात आत्ता वाजले," असं म्हणून डेलने मनगट पुढे केलं.

टीगनने घड्याळ पाहिलं आणि तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. उन्हाळ्यात हद्दीच्या अलीकडे घड्याळं तासभर पुढे करतात, क्वीन्सलंडवाले करत नाहीत. ट्वीडच्या माणसाला कुणी वेळ सांगितली की तो आधी विचारतो, "कुठली वेळ? तुमची की आमची?" नवं वर्षसुद्धा हे गाव दोनदा साजरं करतं. पण डेल जन्माने क्वीन्सलंडचा, बसही तिकडची. त्याचं घड्याळ बारा महिने तिकडच्याच वेळेवर चालायचं. घड्याळं पुढे का करत नाही असं विचारलं की "आमच्या गाईंना घड्याळ कळत नाही आणि जास्त उन्हाने पडदे विटतात," हा त्याचा विनोद ऐकून टीगनचे कान किटले होते. तिच्या सातला ती घरात होती. त्याच्या सातला तो घरात होता. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे दोन वेळांच्या घरात पोरीला दोनदा वाढलं जात होतं.

"रोज?" टीगनने विचारलं.

"रोज," डेल म्हणाला. त्याने पेला टेबलावर ठेवला. "तूच म्हणालीस ना, जो घरात असेल त्याने."

"हो. मीच म्हणाले."

विषबाधेच्या मदतक्रमांकावर फोन टीगनने केला. पलीकडच्या बाईने वजन विचारलं, गोळीचं नाव विचारलं, नाडी मोजायला सांगितली. टीगनने मोजली. मार्नी कार्टून बघत होती, तिने हात दिला आणि पडद्यावरची नजर काढली नाही. बाई म्हणाली, "आज एकच गेलीये, नाडी थोडी मंद आहे पण ठीक आहे. आज आणखी देऊ नका. फारच गुंगीत वाटली किंवा श्वास मंद झाला तर लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. एकदम बंदही करू नका, उद्या डॉक्टरशी बोला." आणि मग, फोन ठेवायच्या आधी, "होतं असं, डियर. तुम्हाला वाटतं त्याहून जास्त वेळा होतं." टीगनने थँक्यू म्हटलं.

डेल पायरीवर जाऊन बसला होता. ती बाहेर गेली तेव्हा तो रडत होता, खांदे हलवत, आवाज न करता. तिला वाटलं आपणही रडावं. रडू आलं नाही.

"मार्नी म्हणाली होती," डेल म्हणाला. "पहिल्याच दिवशी. मी पेला दिला तर म्हणे, मी घेतली. मी म्हटलं, हो का? आणि दातही घासले असशील, आणि होमवर्कही केला असशील. रोज तेच ऐकतो ना मी, टीग. दात घासले म्हणते आणि ब्रश कोरडा. मग दुसऱ्या दिवसापासून तिने नुसतं तोंड उघडलं."

सोमवारी डॉक्टर हॅलोरननी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. दुपटीने गेली म्हणून गुंगी आली, हात गार पडले, चक्कर आली, असं त्यांनी एकेक करून सांगितलं. "याचा अर्थ जोडीचं औषध वाईट असा नाही. ठरलेली मात्रा तुम्ही अजून पाहिलेलीच नाही. आता एकच द्या, एकाच माणसाने, एकाच घड्याळाने. आठवड्याने पुन्हा ठरवू."

"एका गोळीवर ती परवासारखी राहील का?" टीगनने विचारलं.

"परवासारखी म्हणजे?"

"शांत."

"थोडी शांत होईल. झोपेल बहुधा. पण परवाची ती मार्नी नव्हती, टीगन. ती गुंगी होती."

"हो," टीगन म्हणाली. तिला ते कळत होतं. कळूनही तिला ती परवाची पोरगी हवी होती, आणि असं हवं असणं किती वाईट आहे हेही तिला कळत होतं.

त्या संध्याकाळी तिने कामावर उशिरा येते म्हणून कळवलं. सातला गोळी दिली. मार्नीने ती गिळली आणि तोंड पुन्हा उघडून वाट पाहत राहिली.

"झालं. एकच," टीगन म्हणाली.

"डॅडची नाही?"

"नाही. ती चूक होती आमची. तू डॅडला सांगितलं होतंस, तो म्हणाला मला." टीगन तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. "मला का नाही सांगितलंस, मार्नी? मी तर दिवसभर घरात होते."

मार्नीचा एक पाय हलायला लागला होता, खुर्चीवर टपटप आपटत. तिने तो दोन्ही हातांनी धरून थांबवला.

"तू माझ्याजवळ बसायला लागली होतीस," ती म्हणाली.

टीगनने तिचे हात त्या पायावरून हळूच सोडवले. पाय पुन्हा आपटायला लागला. ती तिथेच जमिनीवर बसून राहिली आणि कितीतरी महिन्यांनी तिला रडू आलं.