चौथा प्रश्न

"सारखं वर बघू नका. मी काय पळून जातेय?" असं बायकोने जिन्याशीच बजावलं होतं, तरी मार्शलची मान राहून राहून वर जात होती. प्रेक्षकांच्या गॅलरीत ती पहिल्या रांगेत बसली होती, हात मांडीवर घट्ट धरून. तिथे बोलायला, टाळी वाजवायला, रडायलाही बंदी. हा नियम त्यानेच तिला समजावून सांगितला होता.

देशाची संसद अजून कोवळी होती. बाकांच्या व्हार्निशचा वास गेला नव्हता आणि आपण निवडून दिलेली माणसं आपल्या वतीने विचारतील, असं लोकांना मनापासून वाटत होतं. मार्शललाही वाटायचं. त्याचं काम साधं. अध्यक्ष 'बाहेर काढा' म्हणाले की त्या सदस्याला उचलायचं आणि दाराबाहेर नेऊन ठेवायचं. सगळ्यात जास्त वेळा त्याने मास्तरांना उचललं होतं. मास्तर विरोधी बाकावरचे, पूर्वी शाळेत शिकवायचे, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण हुकूम झाला की अंग सैल सोडायचे आणि त्याच्या कानाशी पुटपुटायचे, "जपून रे बाबा, कंबर सांभाळ. मागच्या खेपेला धरली होती ना तुझी?"

म्हणून तर पोरगा गेल्यावर तो त्यांच्याकडेच गेला. पोरगा ज्या सरकारी लाँचवर होता ती नदीत बुडाली होती आणि तिच्यावर जीव वाचवायचे पट्टेच नव्हते. का नव्हते, एवढंच बायकोला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. भरपाई नको, कुणाला शिक्षाही नको. मास्तरांनी प्रश्न टाकला. तिथे प्रश्नांच्या चिठ्ठ्या काढत; दोन अधिवेशनं नशिबाने हुलकावणी दिली आणि आज एकदाचा तो चौथा लागला होता.

पण तिसऱ्या प्रश्नाला मंत्री उठले आणि त्यांनी चऱ्हाट वळायला घेतलं. प्रश्न रस्त्यावरच्या खड्ड्यांचा. मंत्री रस्त्यावरून पुलांवर गेले, पुलांवरून स्वतःच्या लहानपणावर. वेळ मारून नेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रश्नांचा तास संपत आला होता.

"पुढचा प्रश्न घ्या!" मास्तर उभे राहिले. "मुद्दाम लांबवताय तुम्ही!"

"खाली बसा," अध्यक्ष म्हणाले.

"नाही बसत! माणसं बुडाली तिथं, आणि हे पूल मोजत बसलेत!"

अध्यक्षांनी पुन्हा ताकीद दिली. मास्तर ऐकेनात. मग अध्यक्षांनी मार्शलकडे बघितलं. "बाहेर काढा."

मार्शल पुढे झाला. या खेपेला मास्तरांनी अंग सोडलं नाही. दोन्ही हातांनी बाकाची कड धरून ठेवली.

"आज नको रे," ते हळूच म्हणाले. "अरे, तुझाच प्रश्न आहे. जरा थांब."

थांबावंसं त्याला फार वाटलं. पण तो खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस, आणि हातांना सवय झालेली. त्याने मास्तरांची बोटं एकेक करून सोडवली. म्हातारी बोटं, पण काय चिवट! त्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं, तरी हात थांबले नाहीत.

दाराबाहेर मास्तरांना बसवतो न बसवतो तोच भिंतीवरच्या कर्ण्यातून अध्यक्षांचा आवाज आला. "प्रश्न चौथा. सदस्य जागेवर नाहीत. प्रश्न बाद."

"चुकलंच माझं," मास्तरांनी कपाळ धरलं. "तोंड आवरलं असतं तर..." मार्शलने त्यांना पाणी आणून दिलं. दुसरं काय करणार?

मधल्या सुटीत बायको जिन्याशी उभी होती. ती रडली नव्हती. तिने नियम पाळला होता.

"मास्तर पुढच्या अधिवेशनात परत टाकू म्हणतायत," तो म्हणाला.

तिचं लक्षच नव्हतं. ती त्याच्या हातांकडे बघत होती.

"आपल्या पोरानंही असंच काहीतरी धरलं असेल, नाही हो?"

तेवढ्यात घंटा झाली. "जा," ती म्हणाली आणि एकटीच रस्त्याकडे चालू लागली.

तो आत येऊन दाराशी उभा राहिला. मार्शलने हात सरळ खाली सोडून उभं राहायचं, असा तिथला दंडक होता. त्या दुपारी त्याने ते पाठीमागे लपवले.