कमरेच्या मापाचं फाटक

पाटीवर पाच चित्रं होती. चालणारा माणूस, धावणारी बाई, सायकल, घोडा आणि पाचवी चाकाची खुर्ची. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, ही वाट सर्वांची. ज्यानं ही पाटी रंगवली तो पाटीच्या पुढं दहा पावलंही चालला नसणार. कारण दहा पावलांवर फाटक होतं आणि त्या फाटकातून खुर्ची जात नव्हती.

धाकटीनं तीनदा घालून बघितली. सरळ घातली, तिरकी घातली, शेवटी उलटी ओढून बघितली. दर वेळी चाकाची कडी पाइपाला ठणकन लागायची आणि खुर्चीतले बाबा हिंदकळायचे. छातीएवढ्या उंचीच्या लोखंडी पाइपांचं वेडंवाकडं फाटक होतं ते. शिरा, वळा, पुन्हा वळा, मग बाहेर पडा. मोटारसायकली आत जाऊ नयेत म्हणून केलेलं.

"राहू दे," बाबा म्हणाले.

याच दोन शब्दांची तिला धास्ती होती. झटका येऊन उजवं अंग गेलं त्याला आठ महिने झाले होते, आणि आठ महिने या माणसाकडं प्रत्येक गोष्टीला हेच उत्तर होतं. दाढी करू या? राहू दे. जरा उभं राहून बघा, डॉक्टर म्हणालेत. राहू दे. आणि गेल्या मंगळवारी आपण होऊन म्हणाले, तळ्यावर जाऊन यायचं का एकदा. धाकटीनं कामाची पाळी बदलून घेतली, तीन मजले खुर्ची वेगळी उतरवली, शेजाऱ्याच्या मदतीनं बाबा वेगळे उतरवले. तळं या वाटेनं किलोमीटरभर आत होतं. इथून परत फिरलो तर बाबा पुन्हा उंबरा ओलांडणार नाहीत, हे तिला त्यांच्या गोळ्यांच्या वेळांइतकं पक्कं माहीत होतं.

रखवालदार आपल्या खोपटातून सावकाश बाहेर आला. जांभई पुरी केली आणि मग म्हणाला, "ताई, खुर्ची नाही जात यातून."

"ते दिसतंय मला, काका. मग जाते कुठून?"

"ते मोठं फाटक आहे ना पलीकडं. घोड्यांचं."

"मग उघडा."

"किल्ली घोडेवाल्याकडं असते. तो शनिवारी येतो."

"म्हणजे घोडा जाणार आणि माणूस नाही?"

"घोडापण शनिवारीच जातो," रखवालदार म्हणाला. त्याच्या मते यात सगळ्यांना सारखाच न्याय होता. "तुम्ही असं करा, तक्रार करा. पाटीवर नंबर आहे."

धाकटी हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. अकरा वर्षं ती पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात फोनवर बसत होती. तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे, हे वाक्य दिवसाला शंभरदा म्हणून तिची जीभ गुळगुळीत झाली होती. नोंदवलेली तक्रार कुठं जाते, कोणाच्या टेबलावर किती दिवस झोपते आणि कशी मरते, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात मागून घंटी वाजली. "जरा बाजूला घेता का?" एका सायकलवाल्यानं उतरून सायकल मागच्या चाकावर उभी केली, नाचवल्यासारखी फिरवली आणि दोन गिरक्यांत पलीकडं गेला. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. मग धाकटीचं डोकंच फिरलं.

"कुठल्या गाढवानं केलंय हे? माप घेताना अक्कल घरी ठेवून आला होता का? एकदा त्यालाच बसवायला पाहिजे या खुर्चीत, म्हणजे कळेल."

"बसवलंय की," बाबा म्हणाले.

"काय?"

"मीच केलंय ते फाटक. चौदा वर्षं झाली."

रखवालदाराला हसू फुटलं. धाकटीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं ते खोकल्यात बदललं.

बाबांनी आयुष्यभर वेल्डिंग केलं. खिडक्या, जिने, दुकानांची शटरं. टेप खिशात असायची, पण माणसानं वापरायच्या वस्तूचं माप ते स्वतःच्या अंगानं घ्यायचे. कठडा स्वतःच्या कोपराएवढा, पायरी स्वतःच्या ढांगेएवढी. इथं तर साहेबांनी एवढंच सांगितलं होतं, माणूस गेला पाहिजे, गाडीचं हँडल नाही. बाबा दोन पाइपांच्या मधे उभे राहिले, कमरेत वळून बघितलं, वर चार बोटं जागा सोडली आणि खूण केली.

"माणूस म्हणजे मीच धरला होता," ते म्हणाले. "खुर्ची डोक्यातच आली नाही. पण बघ, तसूभर हललं नाही अजून."

हे ऐकून तिचं पित्त जास्तच खवळलं. शिव्या द्यायला आता कुणी उरलं नव्हतं, आणि ज्याला द्यायच्या तो वर कौतुक करून घेत होता.

"एक काम कर," बाबा म्हणाले. "कोपऱ्यातला खालून दुसरा पाइप. तिथं रंग खरवड. शेवटचा सांधा मी कधी वेल्डिंगनं डागत नाही, तिथं बोल्ट घालतो. उद्या कुणाला वस्तू खोलावी लागली तर कापायला लागू नये. बोल्ट काढला की हा अख्खा कठडा बाजूला होतो."

"ओ, सरकारी वस्तू आहे," रखवालदार म्हणाला.

"मग सरकारलाच सांगा खरवडायला," धाकटी म्हणाली आणि घराच्या किल्लीनं खरवडायला बसली. हिरवा रंग, त्याखाली पिवळा, त्याखाली पुन्हा हिरवा. बोल्टाचं डोकं लागलं, पण त्याच्याभोवती लोखंडाचा ओबडधोबड गोळा होता. बाबांनी डाव्या हातानं चाचपून बघितलं.

"हा डाग कुणी मारला?"

"मागं कुणीतरी बोल्ट काढून गाड्या आत घातल्या," रखवालदार म्हणाला. "मग साहेबांनी पक्कं करून घेतलं."

"याला पक्कं म्हणतात? शेंबूड पुसल्यासारखं केलंय. हात कापत होता का त्याचा? बाजूचं लोखंड तापलंसुद्धा नाही. माझ्याकडच्या नवशिक्यानं असा डाग मारला असता तर त्याच पाइपाला बांधून ठेवला असता त्याला."

धाकटी उकिडवी बसल्या बसल्या ऐकत राहिली. आठ महिन्यांत एवढी वाक्यं एका दमात आली नव्हती. बाबांचे कान लाल झाले होते.

"उठव मला," ते म्हणाले.

"कुठं उठवू?"

"फाटकात. माझ्याच कमरेचं माप आहे. पडायला जागाच ठेवलेली नाही मी."

तिनं काखेत हात घालून त्यांना उभं केलं. डावा हात पाइपावर बसला आणि बसला तो असा की तिला सोडवला नसता. कंबर आत गेली. पुढं पाइप, मागं पाइप. उजवा पाय नुसता लोंबत होता, धाकटी वाकून तो आपल्या हातानं पुढं ठेवत होती. एक वीत. थांबायचं. पुन्हा एक वीत. वळणावर बाबा पाइपावर कपाळ टेकून नुसतेच श्वास घेत राहिले. मागं चालणाऱ्यांची रांग लागली.

"अजून किती वेळ?" रांगेतल्या एका बाईनं विचारलं.

"घोड्यांच्या फाटकातून जा," धाकटी न वळता म्हणाली. "शनिवारी."

रखवालदारानं न सांगता खुर्ची घडी करून फाटकावरून पलीकडं नेली आणि उघडून धरली. वीस मिनिटांनी बाबा त्यात कोसळले. शर्ट घामानं ओलाचिंब झाला होता. रांगेतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नकोत," धाकटी म्हणाली. "किल्ली आणून ठेवा. आम्हाला परतही यायचंय."

रखवालदार मान खाली घालून फोन काढत होता. घोडेवाल्याला लावतोय की उगाच बोटं फिरवतोय, ते तिला कळलं नाही.

तिनं खुर्ची वळवली आणि जोर लावला. दोन हात वाट गुळगुळीत होती. मग खडी लागली, मुठीएवढी, नुकतीच ओतलेली. पुढची चाकं तिच्यात रुतून आडवी झाली. धाकटीनं डोळे मिटले. तोंडापर्यंत आलेली शिवी गिळून तिनं आधी बाबांकडं बघितलं.

"हे मात्र मी नाही केलेलं," बाबा म्हणाले. "उलटी फिरव खुर्ची. मोठी चाकं पुढं घे आणि ओढत चल."