सनदेमागची ओल

मी एक सनद बोलतेय. ऑफिसात खुर्चीच्या वर टांगलेली असते ना, जिच्याकडे सगळे बघतात पण जी कुणी वाचत नाही, तीच मी.

बांधकाम व्यावसायिकांच्या संस्थेने मला जन्म दिला. जाड, सायीच्या रंगाचा कागद, वर सोनेरी मोहर, खाली अध्यक्षांची वळणदार सही. सही करताना ते फोनवर बोलत होते, म्हणून शेवटचं अक्षर जरा घसरलंय. तुम्ही मोठ्या मनाचे, सांभाळून घ्या. माझ्या पोटात एक वाक्य छापलंय : 'हा सभासद आपलं काम चोख करील, आणि दोष राहिलाच तर तो झाकणार नाही.' म्हणजे उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. तेच, फक्त संस्थेच्या भाषेत.

माझे साहेब गळती थांबवणारे ठेकेदार. कुणाची गच्ची गळो, कुणाची टाकी झिरपो, लोक यांनाच बोलावणार. मी घरी आले त्या दिवशी त्यांनी साबणाने हात धुऊन मला उचललं होतं. घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं ऑफिस. तिथे खिडकीजवळ मला छान जागा मिळाली. आलेला माणूस मला बघून जरा सावरून बसायचा. कुणी शंका काढली की साहेब बोलायचे नाहीत, नुसतं पेन माझ्याकडे रोखायचे. मीही मान ताठ करायचे.

आणि मग, दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं. साहेबांच्या स्वतःच्याच भिंतीला ओल आली.

"अहो, खुर्चीमागे पोपडे सुटलेत," वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे साहेबांच्या सौभाग्यवती. घरी येणारे सगळे त्यांना वहिनीच म्हणतात, मीसुद्धा.

"बघू," साहेब म्हणाले.

त्या घरातलं सगळ्यात मजबूत बांधकाम कुठलं विचाराल, तर हा 'बघू'. त्याला कधी तडा गेला नाही. साहेबांनी काय केलं, तर मला खिडकीजवळून काढून त्या पोपड्यांवर टांगलं. मला वाटलं, बढती मिळाली! पाठीला गार लागलं तेव्हा कळलं.

ओल काही सनद बघून थांबत नाही. ती माझ्या कडेने डोकावू लागली. साहेबांनी रुंद चौकट आणली. ओल तिच्याही बाहेर आली. मग आली कोरीव नक्षीची, सिंहासनासारखी चौकट. मी आपली तेवढीच, मध्ये अंग चोरून बसलेली. माणसाची पत वाढली की चौकट वाढते असं ऐकलं होतं. इथे ओल वाढली की चौकट वाढत होती. आलेले लोक मात्र म्हणायचे, "वा, साहेब, मोठे झालात!"

खरंच मोठं व्हायची वेळ त्यानंतर आली. साहेबांनी ज्येष्ठ सभासदत्वासाठी अर्ज केला. रुग्णालयासारखी मोठी कामं ज्येष्ठ सभासदांनाच मिळतात आणि नव्या रुग्णालयाचं छत आपल्या हातून व्हावं, ही साहेबांची फार दिवसांची इच्छा. पण यात माझी पंचाईत होती. ज्येष्ठ झाले की नवी सनद येणार, आणि माझी सद्दी संपणार!

संस्थेची रीत अशी, की आधी परीक्षक घरी-ऑफिसात येऊन पाहणी करतात.

"आता तरी भिंत फोडा," वहिनी म्हणाल्या.

"पाहणी झाली की लगेच."

"देव सगळं बघतो हो."

"अगं, देव कुठे येतोय पाहणीला? बाई येतायत!"

बाई आल्या. निवृत्त अभियंता, वय झालेलं, पण नजर अजून तीक्ष्ण. वाकडं म्हणून काही खपायचं नाही, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे 'ओळंबा' म्हणत. ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायची दोरी आणि वजन. त्यांनी नकाशे पाहिले, कामांचे फोटो पाहिले, खोचक प्रश्न विचारले. साहेबांनी एकूण एक उत्तरं दिली. बाईंनी समाधानाने पेन उघडलं आणि सहज वर पाहिलं.

मी किंचित तिरकी होते. शपथेवर सांगते, मी काही केलं नव्हतं. एवढी जड चौकट, ओल्या भिंतीतला गंजका खिळा, मी फक्त अंग सैल सोडलं होतं.

"ही वाकडी आहे," ओळंबाबाई उठल्या.

"राहू द्या मॅडम, मी करतो, मॅडम..."

त्यांनी मला बोट लावलं मात्र, खिळा गिलाव्याच्या ढेकळासकट बाहेर आला आणि मी चौकटीसह बाईंच्या मिठीत! भिंतीवर ओल अशी पसरलेली, जणू पृथ्वीवरचं एखादं खंड.

"ही... ही आत्ताच आली," साहेब पुटपुटले.

पाणी घेऊन आलेल्या वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "आत्ताच? अहो, तिसरी चौकट आहे ही!"

बाईंनी माझ्या पोटातलं ते वाक्य मोठ्याने वाचलं. साहेबांची मान खाली गेली. "लोकांच्या घरातला दोष मी तोंडावर सांगतो, मॅडम. पण माझंच घर गळतंय हे कळलं, तर मला कोण बोलावणार? भीती वाटली."

बाई हसल्या. "माझ्या घराच्या जिन्याची पहिली पायरी उंच झालीय. मीच आखलेली. रोज ठेचकाळते, पण पाहुण्यांना आधीच सांगते, जपून या." त्यांनी पेन मिटलं. "भिंत फोडा. वर पाणी साठवून दाखवा. मग सही."

साहेबांनी ऑफिस बंद ठेवून स्वतः छिन्नी घेतली. वरच्या न्हाणीघराच्या नळाचा एक सांधा झिरपत होता. घर बांधताना त्यांनीच बसवलेला! तो बदलला, नवा गिलावा केला, तो सुकू दिला. मग न्हाणीघराची मोरी बंद करून आत पाणी साठवलं आणि खाली ओळंबाबाईंसकट सगळे उघड्या भिंतीकडे बघत बसले. मी समोर कोचावर.

मी मनात म्हटलं, येऊ दे एक थेंब. एकच! थोडे दिवस आणखी मिरवीन. तेवढ्यात वहिनींकडे लक्ष गेलं. डोळे मिटलेले, हात जोडलेले, ओठ हलताहेत. शेजारी साहेब, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे नखं कुरतडताहेत. मी माझं मागणं गुपचूप परत घेतलं. म्हटलं, देवा, आधी वहिनींचं ऐक.

ओळंबाबाईंनी तळहात भिंतीवर टेकवला, इकडे फिरवला, तिकडे फिरवला. "कोरडी आहे," म्हणाल्या, आणि सही केली.

नवी सनद आली. साहेब हातोडी घेऊन त्याच भिंतीकडे निघाले.

"खबरदार!" वहिनी म्हणाल्या. त्यांनी तिला ऑफिस आणि घर यांच्यामधल्या काचेवर लावलं. आता पुढून लोक तिचं तोंड बघतात आणि घरातून वहिनी तिची पाठ. बिचारी लाजते.

मी कपाटात आहे, मऊ फडक्यात, पाठीला ऊब. बरं चाललंय. जाता जाता एवढंच मागते : तुमच्याकडे माझी एखादी बहीण टांगलेली असेल, तर तिला जरा उचला आणि मागे हात फिरवा. कोरडं लागलं तर तिला माझा नमस्कार सांगा. ओलं लागलं, तर कुठून झिरपतंय ते घरातल्या वहिनींना विचारा. त्या केव्हापासून सांगताहेत.