आपले डॉक्टर

"थालीपिठाला तेल जरा जास्तच सोडते," आई म्हणाल्या. "कोठडीत गार झालं तरी मऊ राहील."

मी ओट्याला टेकून बघत होते. अंगाची नुसती आग होत होती. माझ्या सासूबाई, इंदुमतीबाई, सकाळपासून डॉक्टर पंडितांसाठी डबा करत होत्या. परवा ज्यांना पोलिसांनी धरून नेलं, त्याच पंडितांसाठी. धडधाकट बायकांना कॅन्सरची भीती घालून हा माणूस त्यांची गर्भाशयं काढत होता. माझं काढलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि मला मूल नव्हतं. धरण्याआधी पोलिसांनी प्रयोगशाळेतले जुने नमुने पुन्हा तपासून घेतले. मला कॅन्सर नव्हताच.

आईंचं तर माझं निलयशी लग्न होण्याआधीच काढलेलं.

जयपुरात दुखणं मराठीतून सांगता यावं, एवढ्यासाठी आम्ही खातीपुऱ्याहून विद्याधर नगरला त्यांच्याकडे जायचो. "काय वहिनी, काय म्हणतंय पोट?" असं विचारणारं दुसरं होतं कोण इथे? आणि गर्भाशय वगैरे जड शब्द त्यांच्या तोंडी कधी नसायचे. पिशवी म्हणायचे. पिशवी खराब झालीय, काढून टाकू. जुनी भाजीची पिशवी टाकावी इतकं सोपं. आम्हीही हो म्हणून मोकळ्या झालो.

"आई, आज पोलीस ठाण्यात माझ्यासोबत तुमचंही सांगाल ना? वकील म्हणाले, एकटीचं कोण ऐकणार. मराठी मंडळातली एकही बाई यायला तयार नाही."

"कशा येतील? त्यातल्या विभाची दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली. निलयचे बाबा गेले तेव्हा तेच आपल्या घरी बसून होते ना? आपला माणूस गं. मतलब, ते सगळं खोटंच होतं का?"

"ते खरं असेल. मग माझं काय?"

त्यांनी डब्याचं झाकण दाबून लावलं आणि म्हणाल्या, "चल, मीही येते."

मला केवढा धीर आला. एक तरी बाई सोबत आली.

डबा आत जाणार नाही, हे ठाण्याच्या दारातच सांगितलं गेलं. तो मांडीवर घेऊन आई माझ्याशेजारी बसल्या. समोर जबाब लिहून घेणारी महिला कॉन्स्टेबल होती.

"क्या निकाला था?"

"थैली." माझ्या तोंडून पिशवीचंच हिंदी निघालं.

"कौन सी थैली?" तिने वर पाहिलं आणि मग तिलाच उमगलं. "अच्छा. बच्चेदानी."

इतकी वर्षं या गावात हिंदीतून भाजी घेतली, रिक्षावाल्यांशी भांडले, पण हा शब्द माझ्या पोटाला कुणी लावला नव्हता. मला रडू फुटलं, आणि मी ते आवरलंही नाही.

कॉन्स्टेबल आईंकडे वळली. "अम्माजी, आपकी भी उसीने निकाली?"

"हाँ." आईंचा हात पदराखाली पोटावर गेला.

"झूठ बोलकर?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"नहीं बेटा," त्या म्हणाल्या. "हमारी तो सच में खराब थी."

कॉन्स्टेबलने माझ्या एकटीच्या जबाबाचा कागद पुढे ओढला. मग तिने मला नवऱ्याचं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं.