खोकडाचा माळ आणि बारा वर्षांची झाडं

विश्रांतवाडीमागचा बोडका माळ वन्यप्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या रुमानाच्या कॉम्प्युटरवर हिरवागार दिसत होता. ऊन कितीही वाढलं तरी २०५० साली खोकड इथं सुखात असेल, असं तिचा नकाशा ठासून सांगत होता. खोकड म्हणजे मांजराहून जरा मोठा, लाजरा, माळावरचा कोल्हा. शहराभोवतीचं गवत अर्धं इमारतींनी गिळलं, अर्धं लावलेल्या झाडांनी. मग इथलंच कसं वाचलं? रुमानाला राहवेना. तिन्हीसांजेला ती माळावर पोचली.

तिथं वृक्षमित्र मंडळाचे अध्यक्ष रंगराव खड्डे तपासत होते. वय बहात्तर, टोपी कडक.

"काका, दरवर्षी झाडं लावता?"

"पाचशे. बारा वर्षं झाली."

"मग आहेत कुठं?"

"मरतात. म्हणून तर दरवर्षी लावता येतात. खड्डे तेच. आपण कोण, तपासणी अधिकारी?"

रुमानाला एकदम उलगडा झाला. मंडळ रोपं लावायचं, फोटो काढायचं आणि पाणी घालायचं विसरायचं. रोपं वाळायची, गवत माजायचं. पण यंदा टाकी आली होती, ठिबकच्या नळ्या आल्या होत्या. उद्या सकाळी पाहुण्यांच्या हस्ते शुभारंभ!

"काका, यंदा झाडं जगली तर खोकड जाईल. त्याला उघडा माळ लागतो. तुमची झाडं मेली, म्हणून तो राहिला."

"वा! बारा वर्षांत पहिल्यांदा कौतुक झालं, ते हे असं."

"मग स्वतःच बघा."

कडेच्या एका खड्ड्याच्या तळाशी तिला येतानाच बीळ दिसलं होतं. रंगराव पालथे पडून आत डोकावले. आतून दोन भलेमोठे कान वर आले, मग नाक, आणि ते रंगरावांच्या तोंडावर शिंकलं.

रंगराव चष्मा पुसत उठले. "मंडळाला न विचारता राहतोय," ते म्हणाले. पण परत पालथे पडले, आणि अंधार होईस्तोवर उठलेच नाहीत.

सकाळी पाहुणे हार घालून तयार. रंगरावांनी त्यांच्या हातात फावडं दिलं. "साहेब, हा खड्डा बुजवा."

"आणि झाड?"

"झाडं टेंपोतून खाली गेली, रस्त्याकडेला. सावली तिथं हवी. इथं गवत हवंय."

पाहुण्यांनी बिचकत माती लोटली. टाळ्या पडल्या. पुण्यात खड्डा बुजवायला पाहुणा आलेला लोक पहिल्यांदाच बघत होते. बिळाच्या खड्ड्याकडे मात्र रंगरावांनी कुणाला फिरकू दिलं नाही.

"२०५० ला तो नक्की असेल ना गं?" त्यांनी रुमानाला हळूच विचारलं.

"गवत राहिलं तर."

"मी तेव्हा शहाण्णव." रंगराव पाहुण्यांकडे वळून खेकसले, "साहेब, माती नीट दाबा! पुढच्या वर्षी कुणी उकरणार नाहीये."